आण्णा आधी वास घेत

रंगराव आण्णा गाडीत चढताना आधी वास घेत. रामराम, कोण आलं, कोण राहिलं, हे सगळं नंतर. पुढचं दार उघडायचं, सीटवर बसण्याआधी वाकून डॅशबोर्डखाली नाक न्यायचं, दोनदा हुंगायचं आणि मग बसून म्हणायचं, "चला." त्यांच्या 'चला'शिवाय आमचे ड्रायव्हर सर्जेराव गिअर टाकत नसत. पहिल्या दिवशी मी विचारलं, "आण्णा, काय हुंगताय?"

"वायर जळाय लागली की डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळती, सेक्रेटरीबाई," आण्णा म्हणाले. "आणि हे नाक आजऱ्याचं हाय. घनसाळ भाताच्या वासावर वाढलंय. कुणाच्या घरात भात करपलाय ते मी रस्त्यावरनं सांगायचो."

गाडी म्हणजे आमच्या कोडोलीच्या महिला मंडळाची. पूर्वी वडापला, म्हणजे सीटा भरत गावोगाव, धावून दमलेली, मागच्या दारातून चढायची, समोरासमोर दोन बाकड्यांची जुनी डिझेल गाडी. एका कुटुंबाने ती मंडळाला दिली आणि आम्ही ती डायलिसिसच्या पेशंटसाठी लावली. आठवड्यातून तीन दिवस सकाळी कोडोलीहून निघायचं, वाठारला हायवेला लागायचं, कोल्हापुरात दवाखान्यात पोचायचं, प्रत्येकाने चार तास मशीनवर पडायचं आणि परत यायचं. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त मशीनने धुवावं लागतं. एक पाळी चुकली तर अंगावर सूज येते, दोन चुकल्या तर माणूस धापा टाकत दवाखान्यात दाखल होतो. त्यापुढचं सांगायला नको. जायला एसटी आहे, पण येताना अंगात उभं राहायचं त्राण नसतं. म्हणून ती गाडी.

मी मंडळाची सेक्रेटरी. बाजारपेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि याद्या करायची मला सवय आहे. कोण कुठल्या थांब्यावर चढणार, कुणाच्या पिशवीत कुठलं इंजेक्शन, डिझेल किती. निघताना मी यादी मोठ्याने वाचत असे. आण्णा तिला 'सेक्रेटरीबाईंची आरती' म्हणत. "आरती झाली का? झाली असंल तर परसाद म्हणून सोडा आम्हाला एकदा."

ते एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अंगावर खाकी शर्ट, खिशात पेनच्या जागी टेस्टर. माणूस वाळलेला, आवाज मात्र ट्रॅक्टरवर बसून बोलणाऱ्याचा. स्वतःचं कौतुक स्वतः करायला त्यांना लाज वाटत नसे. पाणी मोजून प्यावं लागायचं, म्हणून तोंडात कायम एक लवंग. डाव्या हातावर मनगटाच्या वर फिस्टुला होता. मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून तिथल्या दोन शिरा ऑपरेशन करून जोडतात. त्या हाताने वजन उचलायचं नाही, ओढायचं नाही. आण्णा नव्या पेशंटला तो हात दाखवत. "डॉक्टरनं मला भाहेरनं कनेक्शन काढून दिलंय. मीटर त्यांच्याकडं."

दसऱ्यानंतर काही आठवड्यांनी गाडी बंद पडायला लागली. रोज नाही. दोन-तीन पाळ्या सुरळीत जायच्या आणि एखाद्या सकाळी हायवेवर, खड्डा किंवा गतिरोधक ओलांडला की इंजिन गप्प. सर्जेराव खाली उतरून फ्यूज बघायचे. तो उडालेला असायचा. नवा घातला की गाडी चालू. गॅरेजमध्ये नेली तर तिथे ती अशी चालायची की मेकॅनिक आमच्याचकडे संशयाने बघायचा. मी एक यादी केली: बॅटरीच्या वायरी, स्टार्टर, दिव्यांचे होल्डर, चावीचा स्विच. एकेक बदललं, एकेक खोडलं. यादी संपली आणि गाडी पुन्हा वाठारजवळ उभी राहिली.

आण्णांना याचा अपमान वाटत होता आणि थोडा आनंदही. "बंद गाडी कुणीबी दुरुस्त करतंय," ते म्हणत. "चालू गाडी दुरुस्त करायला माणूस लागतो." आपल्या हाताने काम करता येत नाही याचा त्यांना राग होता. तो सर्जेरावांवर निघायचा. "हात तुझं, डोकं माझं. तू नुस्तं धर, पिरगाळ म्हणलं की पिरगाळ."

पहिल्यांदा त्यांनी हॉर्नला दोषी ठरवलं. स्टिअरिंगखालची वायर घासतेय, शंका नाही, असं जाहीर करून सर्जेरावांकडून ती सोडवून घेतली. त्या दिवशी आम्ही अख्खं कोल्हापूर हॉर्नशिवाय ओलांडलं. सर्जेराव खिडकीतून डोकं काढून "ओ पावणं, सरका की!" ओरडत होते. परत येताना गाडी बंद पडली नाही. आण्णांनी वाठारपर्यंत स्वतःची स्तुती केली. पुढच्याच आठवड्यात कोल्हापूरच्या अलीकडचा पूल ओलांडताना इंजिन थांबलं.

मग त्यांची नजर पुढच्या बंपरवरच्या लिंबू-मिरचीवर गेली. सर्जेराव ती तारेत ओवून बांधत आणि तार हेडलाइटच्या मागे अडकवत. "लिंबाचा रस, लोखंडाची तार आणि लाइटीचं टर्मिनल! अरं, दृष्ट काढालाईस का शॉक द्यालाईस?" सर्जेरावांनी मान खाली घालून लिंबू सोडलं. दोन दिवसांनी गाडी बंद पडली तेव्हा ते इतके खूश झाले की फ्यूज बदलायला शीळ घालत उतरले.

"चुकलं," आण्णा म्हणाले. "फुडं." आपण चुकलो हे सांगायला त्यांना एवढे दोनच शब्द लागत. स्तुतीला मात्र कोल्हापूर ते वाठार लागे.

एक दिवस परतीच्या वाटेवर आण्णा झोपेतून उठल्यासारखे ताठ बसले. "थांबव!"

"काय झालं?" सर्जेरावांनी विचारलं.

"थांबव म्हंतोय न्हवं! वास येतोय. उतरा सगळी, उतरा!"

मशीनवरून उठलेली माणसं. त्यांना उतरवायलाच वेळ लागला. शेवटचा माणूस खाली येईतो डॅशबोर्डखालून धूर दिसायला लागला होता. सर्जेरावांनी बॅटरीची वायर ओढून काढली. धूर थांबला. आण्णांनी वाकून फ्यूजच्या डबीत पाहिलं. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार होती.

"ही कुणी घातली?"

"मीच, आण्णा. फ्यूज सारखा उडतोय म्हणून."

"फ्यूज उडला म्हंजे त्यानं आपलं काम केलं. गेला बिचारा, पर गाडी राखली. त्याच्या जागी तार म्हंजे राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधून ठेवणं. मागं बसलेल्यातलं एकतरी पळू शकंल का रं? बग की त्यांच्याकडं."

सर्जेरावांनी बघितलं. सगळे रस्त्याकडेला बसले होते. शालन तेवढी जरा बाजूला, बाभळीला टेकून उभी होती.

शालन दसऱ्यानंतरच आमच्याकडे यायला लागली होती. वाठारच्या अलीकडच्या फाट्यावर चढायची. चाळिशीची, नवरा गेलेला, एका खानावळीत भाकऱ्या थापायची. कधीकधी ती कोल्हापुरात बहिणीकडे मुक्काम करी. मग त्या पाळीला गाडीत नसे. बोलायची कमी.

बापू म्हणजे गाडीतले सगळ्यात जुने पेशंट. घरी म्हशी, गावात वजन, आणि मनात आलेलं तोंडावर. ते उठून उभे राहिले.

"तारंला कशाला बोलताय, आण्णा? मी बोलू का? गाडी कवा बंद पडती? ही चढती त्या दिवशी. ही भणीकडं असली की गाडी कशी हरणावानी पळती. सांगा, खोटं हाय?"

कुणी खोटं म्हणालं नाही. मीही आठवून पाहिलं. खरंच तसं होतं. पांढऱ्या पायाची हा शब्द कुणी उच्चारला नाही, तशी गरजही नव्हती. सगळ्यांनी आण्णांकडे बघितलं. ते बापूंवर ओरडतील अशी माझी अपेक्षा होती.

आण्णांनी तोंडातली लवंग या गालातून त्या गालात घेतली. "बापू, हे तुमी आधी का न्हाय सांगितलं?"

शालनने आपली पिशवी उचलली. मागून येणाऱ्या एसटीला हात केला आणि निघून गेली. पुढच्या पाळीला ती फाट्यावर नव्हती.

मी त्या संध्याकाळी आण्णांच्या घरी गेले आणि स्पष्ट विचारलं, "तुमच्यासारख्या माणसाने असं बोलावं?"

"मी काय बोललो? बापू खरं बोलला. इतक्या दिवसांत पयल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं." आण्णांना माझ्या रागाचं आश्चर्य वाटलं होतं. "तुमी सगळी मला सांगताय, खड्ड्यात बंद पडली, चढाला बंद पडली. खड्डं रोज हाईत. कुठं बंद पडती ते मला नगं. कोण असताना पडती ते पायजे. कारखान्यात एक ट्रक एकाच ड्रायव्हरच्या हातात बंद पडायचा. सगळी म्हणायची, ह्याच्या हातालाच गुण न्हाय. त्याचा गुडघा लांब होता. दर गिअरला खालच्या वायरीला लागायचा."

"मग शालनचं काय लागतंय?"

"मला काय म्हायती? ती बसती कुठं, धरती काय, पिशवी कुठं ठेवती, बगाय पायजे. आणि बगायचं म्हंजे ती गाडीत पायजे."

पण मंडळाच्या बैठकीत निराळंच ठरलं. धुराची बातमी गावभर झाली होती. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, एक तर गाडी विकून टाकू, नाहीतर शालनची सोय तात्पुरती वेगळी करू, बाकीचे पेशंट तरी घाबरणार नाहीत. गाडी विकली तर सगळ्यांचीच पाळी चुकणार होती, त्यामुळे दुसरा पर्याय सगळ्यांना सोपा वाटला. वेगळी सोय म्हणजे नेमकी कोणती, हे मी विचारलं. अध्यक्षीणबाईंनी पुढचा विषय घेतला.

आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते कपाळावर हात मारून घेणार होते, पण फिस्टुलाचा हात आठवून थांबले. "ज्या माणसाबरोबर फॉल्ट येतो त्यालाच गाडीतनं काढलं? मग मी बगू काय, चांगली चालणारी गाडी? चला, उठा. त्या बाईकडं जायाचं."

शालनच्या घरी गेलो तेव्हा तिची एक पाळी चुकलेली होती. चेहरा सुजला होता, बोलताना दम लागत होता. तरी तिने पाट सरकवला. "बसा पावणं. पाय बगाय आलाय व्हय माझं?"

"पायाचं मला काय कळत न्हाय," आण्णा म्हणाले. "मी वायरिंगवाला. तुमी चढला की गाडी बंद पडती, हे खरं हाय. तसं काय न्हाय म्हणून समजूत काढाय मी आलेलो न्हाय."

मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

शालन म्हणाली, "मालक गेलं तवाबी लोकं असंच म्हणालीत. दीर तेवढा म्हणाला, आमचा इस्वास न्हाय असल्या गोष्टीवर. तर फुडच्या वर्सी त्याची म्हस मेली."

"म्हशीचं वायरिंग मी बघितलेलं न्हाय."

शालन हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. हसल्यावर तिला ठसका लागला आणि आण्णांनी खिशातून लवंग काढून दिली.

"मग माझ्याकडं काय काम काढलं?" तिने विचारलं.

"तुमच्याबिगार फॉल्ट गावायचा न्हाय. उद्या गाडीत चढायचं, रोज चढता तसं. मुद्दाम काय करायचं न्हाय."

"आणि बंद पडली तर?"

"तर माझ्यावानी खूश माणूस कोडोलीत दुसरा गावायचा न्हाय."

शालनने जरा विचार केला. "येतो मी," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. "पर बापूला सांगून ठेवा, मला बगून तोंड फिरीवलं तर मीबी लई तोंडाची हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी निघण्याआधी सर्जेरावांकडून एक काम करून घेतलं. उडणारा फ्यूज काढला आणि त्याच्या जागी दोन वायरींना जोडून हेडलाइटचा एक जुना बल्ब लावला. तो डॅशबोर्डवर सगळ्यांना दिसेल असा टांगला. "सगळं बरं असंल तर हा नुस्ता मिणमिणंल," त्यांनी समजावलं. "कुठं वायर गाडीच्या पत्र्याला लागली की भगाटणार. आता फ्यूज मरायला नगं आणि गाडी जळायला नगं. सगळ्यांनी बल्बाकडं बगायचं. कीर्तनाला बसल्यागत गप बसायचं."

फाट्यावर शालन उभी होती. बापूंनी तोंड फिरवलं नाही, पण पाय आखडून घेतले. आण्णा पुढून उतरून मागे आले आणि दारापासून चार हात लांब उभे राहिले. शालनने पिशवी आत ठेवली, पायरीवर पाय दिला, दाराच्या उजव्या बाजूच्या दांड्याला धरलं आणि अंग वर ओढलं.

"पेटला!" सर्जेराव पुढून ओरडले. "पेटला, पेटला! इझला."

"बगा! मी काय म्हणालतो?" बापू बाकड्यावरून अर्धे उठले.

"गप बसा," आण्णा म्हणाले. "शालनबाई, उतरा. परत चढा."

ती उतरली, परत चढली. बल्ब पुन्हा भगभगला. शालनचा चेहरा पडला होता. आण्णा तिच्या पायांकडे बघतच नव्हते, ते दांड्याकडे बघत होते.

"बापू, आता तुमी उतरून चढा."

बापू उतरले, दांडा धरून चढले. बल्ब मिणमिणतच राहिला. "काय?" बापू म्हणाले. त्यांना फार बोलायची गरज वाटली नाही.

"कुठल्या हातानं चढला?"

"उजव्या. डाव्यात फिस्टुला हाय न्हवं! तुमच्याबी डाव्यात हाय. समद्यांच्याच डाव्यात हाय."

"हिच्या उजव्यात हाय," आण्णा म्हणाले.

डाव्या हातातला फिस्टुला निकामी झाला म्हणून डॉक्टरांनी शालनचा उजव्या हातात केला होता. हे मला माहीत होतं, माझ्या यादीत होतं. पण त्याचा गाडीशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दांडा उजवीकडे, धरायचा डावा हात. त्यामुळे ती अंग वळवून, दांडा आडवा पिळत चढायची. बाकीचे सरळ ओढायचे.

"सेक्रेटरीबाई, तुमचं दोनी हात रिकामं हाईत. चढा बगू, डाव्या हातानं."

मी डाव्या हाताने दांडा धरला आणि शालनसारखं वळून वर चढले. पुढून सर्जेराव ओरडले, "पेटला!"

आण्णांनी बापूंकडे वळून विचारलं, "काय, बापू? ह्यांचंबी पाय पांढरं व्हय?"

कुणीतरी फिसकन हसलं. बापू हसले नाहीत. त्यांचं लक्ष दांड्याकडे गेलं होतं आणि मला तेव्हा कळलं की आता काय निघणार आहे. तो दांडा बापूंनीच दिला होता. मशीनवरून उतरलेल्या माणसाला गाडीत चढता येत नाही हे बघून, त्याच दसऱ्याला, जयसिंगपूरच्या जावयाच्या वर्कशॉपमधून स्टीलचा करून आणला होता. त्यावर छोटी पट्टी होती: कै. आक्काताई यांच्या स्मरणार्थ. आक्काताई त्यांच्या पत्नी.

सर्जेरावांनी दांडा सोडवला. वरचा स्क्रू बाहेर येताना संपतच नव्हता. तो पत्र्यातून पार आत, दाराच्या पोकळ खांबात गेला होता. त्याच खांबातून छतातल्या दिव्याची वायर वर जात होती. गाडी वडापला होती तेव्हा कुणीतरी तो दिवा बसवून इंजिनच्याच फ्यूजला जोडला होता. स्क्रूच्या टोकाने वायरची साल खरवडली होती. दांडा पिळला की स्क्रू तांब्याला टेकायचा. कधी लगेच सुटायचा, तर कधी तिथेच अडकून बसायचा आणि पुढच्या खड्ड्याला घट्ट लागायचा. मग फ्यूज जायचा आणि त्याच्याबरोबर इंजिनही.

बापू दांडा हातात घेऊन उभे होते. "टाकून द्या ह्यो," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

मला वाटलं, आता आण्णा बोलतील. चूक कुणाची हे ओरडून सांगण्यात त्यांची हयात गेली होती, आणि इतके दिवस शोधलेला गुन्हेगार समोर उभा होता. आण्णा बापूंजवळ गेले. इतक्या हळू बोलले की मला पुढे सरकावं लागलं.

"का टाकायचा? दांडा झ्याक हाय. ह्याच्यावर रोज समदी चढत्यात. स्क्रू लांब पडला, एवढंच. आखूड घालू, वायर पलीकडनं न्हेऊ. वैनी हाईत तितं ऱ्हाऊंद्यात."

त्या दिवशी दिव्याची वायर तिथेच तोडून, टेप गुंडाळून आम्ही वेळेत पोचलो. शालन सगळ्यांत आधी मशीनवर गेली. जाताना वाठारपासून पुलापर्यंत आण्णा एक शब्द बोलले नव्हते. परत येताना मात्र त्यांनी कसर भरून काढली. "मला दांड्याचा वास आधीच आलता. पर खात्री केल्याबिगार बोलायचं नसतं." हे शंभर टक्के खोटं होतं. हॉर्न आणि लिंबू आम्ही विसरलो नव्हतो.

बापूंनी शालनची माफी मागितली नाही. ती त्यांच्याकडची रीत नाही. आठवडाभराने ते दुसरा दांडा घेऊन आले. दाराच्या डाव्या बाजूला लावायला, उजव्या हातात फिस्टुला असलेल्यांसाठी. त्यावर कुणाचं नाव नव्हतं. स्क्रू आण्णांनी स्वतः निवडले आणि प्रत्येक स्क्रू आधी बोटावर धरून मापला. शालनने पहिल्यांदा तो दांडा धरला तेव्हा बापू म्हणाले, "बसतोय का हातात?"

"बसतोय की," ती म्हणाली. "जरा जाड हाय, देणाऱ्यावानी."

त्यानंतर वर्षभर गाडी तशी धावली. टायर फुटले, एकदा पट्टा तुटला, पण कारण न कळता ती कधी उभी राहिली नाही. आण्णांची तब्येत मात्र उतरत गेली. मशीनवर असताना त्यांचं ब्लडप्रेशर खाली जायचं, छाती धडधडायची, तपासणीला नेलं की सगळं नीट दिसायचं. कसं वाटतंय, असं विचारलं तर म्हणायचे, "कवा हाय, कवा न्हाय. असल्या फॉल्टला लई वेळ लागतो." हुंगणं चालूच होतं. वाकायला त्रास व्हायला लागला तेव्हा दाराला एक हात टेकून वाकायचे.

आण्णांना स्मशानात नेलं तेव्हा माझ्याशिवाय गाडीतलं कुणी तिथे नव्हतं. ते कसं झालं ते सांगते.

पाळीचा दिवस होता. मी त्या दिवशी बरोबर होते. नेहमीप्रमाणे गाडी त्यांच्या दारात उभी केली. फाट्यावरून चढणारी शालन आदल्या रात्री गावात नातेवाइकांकडे होती, म्हणून तीही गाडीतच होती. आण्णांचा मुलगा बाहेर आला. चपला न घालता आलेला पाहून मी खाली उतरले. पहाटे झोपेतच गेले, तो म्हणाला. सर्जेरावांनी इंजिन बंद केलं.

मी मागच्या दाराशी जाऊन सगळ्यांना सांगितलं. मग शालन उठली. "मी उतरतो. मला ऱ्हायाचं हाय."

"खाली बस," बापू म्हणाले. "पाळी चुकवून त्यांच्या म्होरं जाऊन हुबी ऱ्हायलीस तर तसंच उठून शिव्या घालत्याल."

शालन दांड्याला धरून तशीच उभी राहिली, मग बसली. मी सांगितलं की मी मागे थांबते, मंडळातर्फे आणि सगळ्यांतर्फे. यादी सर्जेरावांच्या हातात दिली आणि त्यांना म्हटलं, निघा, उशीर होतोय. त्यांनी इंजिन चालू केलं. गाडी हलली नाही.

मी खिडकीशी गेले. सर्जेराव गिअरवर हात ठेवून समोर बघत होते. बाजूची सीट रिकामी होती.

"सर्जेराव, निघा की."

"व्हय," ते म्हणाले. तरी गाडी तिथेच.

मागून बापूंचा आवाज आला. "शालन, फुडं जाऊन बस."

"मी?"

"मग कोण? फुडं बस."

शालन मागच्या दाराने उतरली. डाव्या बाजूने पुढे आली, डाव्या हाताने दार उघडलं. सीटवर बसायच्या आधी ती दाराला हात टेकून वाकली आणि डॅशबोर्डखाली नाक नेलं. दोनदा हुंगलं. मग आत बसून तिने दार ओढून घेतलं.

"चला," ती म्हणाली.